एकोणिसावं भोक

सबनीस काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला नमस्कारसुद्धा केला नाही. दारात बूट काढले, उजवं मनगट जिभेनं ओलं केलं आणि माझ्या बाजूनं सरळ आत जाऊन बाल्कनीच्या दाराशी उकिडवे बसले. ते ओलं मनगट चौकटीच्या कडेनं खालून वर हळूहळू फिरवायला लागले. मी आणि माझी बायको मृदुला हातात पाण्याचे ग्लास घेऊन बघत उभे. एका जागी मनगट थांबलं.

"बिजागरीच्या बाजूला, खालून चार बोटं," काका म्हणाले. "गेनाऊ, अगदी बरोबर. इथूनच येतोय." मग उठले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मी सबनीस. आपलं नाव?"

मागे सुमनकाकू चिवड्याचा डबा धरून उभ्या होत्या. "मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या मृदुलाला म्हणाल्या. "मुलाचं लग्न ठरवायला गेलो होतो, तिथेही यांनी आधी खिडकीच तपासली."

जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, आम्ही तेव्हा नवे होतो. भाड्याचं घर, माझी सॉफ्टवेअरची नोकरी, आणि ओळख म्हणावी तर मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची. काका त्या मंडळातले सगळ्यात जुने. विशीत शिकायला म्हणून आले, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. तिथे काय करायचात असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "दाराचं रबर." ऐकणाऱ्याला वाटे, केवढा विनय. विनयाचा काही संबंध नव्हता. गाडीच्या दाराला कडेनं जी रबराची पट्टी असते, तिच्यातून वारा, पाणी, आवाज आत येऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी या माणसानं आपलं सगळं आयुष्य दिलं होतं. कारखान्यात एका खोलीत खोटा पाऊस पाडत. काका गाडीत बसून त्या पावसात अर्धा तास काढत आणि कोरडे बाहेर आले की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागे.

दाराच्या आवाजावरून त्यांना गाडीची प्रकृती कळायची. एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका अनोळखी जर्मन माणसानं गाडीचं मागचं दार लावलं. काका थबकले. त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, तुमच्या रबराचा वरचा कोपरा गेलाय, हायवेला शिटी वाजत असेल. तो माणूस आधी घाबरला, मग चकित झाला, कारण शिटी खरंच वाजत होती आणि त्यावरून त्याचं बायकोशी भांडण व्हायचं. अर्ध्या तासानं मी बघतो तर दोघं मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसून दाराच्या कोपऱ्यावरून बोटं फिरवतायत, आणि काकू बाहेर उभ्या. त्यांच्या पिशवीतले गोठवलेले मटार वितळून पाणी गळत होतं.

निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या आणि काकांनी घरं धरली. त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात चंदनाच्या उदबत्त्या आणि काडेपेटी असे, उजव्या खिशात निळ्या चिकटपट्टीचं बंडल, आणि वरच्या खिशात लाल गोल स्टिकरांचा कागद. कारखान्यात सदोष दाराला लाल स्टिकर लावत. ते लावलं की दार पुढे जात नसे, मग साहेब स्वतः आला तरी. काकांनी ती पद्धत मंडळातल्या सगळ्या घरांना लागू केली. कुणाकडे हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला गेलं आणि खिडकीच्या कोपऱ्यात लाल टिकली दिसली की समजायचं, काका येऊन गेले.

"हवेला व्हिसा लागत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य होतं, "आमच्या खात्यात स्वतःचं काम स्वतः तपासायला बंदी होती." हे ते फार अभिमानानं सांगत. स्वतः केलेल्या कामात माणसाला दोष दिसत नाही, म्हणून ते दुसऱ्यानंच तपासायचं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

जर्मन लोक घर घट्ट बंद करतात आणि मग सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडून दहा मिनिटं हवा आत घेतात. काकूंना हे आयुष्यभर पटलं नाही. "मग आधी बंद कशाला केलं?" त्या विचारत. काका म्हणत, "खिडकी आपण उघडतो. फट आपल्याला विचारत नाही." यावर काकू माकडटोपी आणखी खाली ओढत.

ती माकडटोपी हा त्या घरातला खरा तंटा होता. काकूंचं देवघर वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत. रोज सकाळी त्या तिथे तासभर पूजेला बसत, आणि हिवाळ्यात तो तास त्या माकडटोपी घालून काढत. "मानेवर गार पडतं," त्यांची तक्रार. काकांनी त्या खोलीची खिडकी तपासली, दार तपासलं, फरशीच्या कडा तपासल्या. सगळं ठाकठीक. दुसरी तक्रार निरांजनाची. ज्योत एका जागी राहायची नाही, नाचायची, आणि पश्चिमेकडून वारा असला की आरतीच्या मध्येच विझायची. यावर काकांचं निदान पक्कं होतं. "वात सैल वळतेस तू. घट्ट वळ." हे ते आमच्यासमोर म्हणत, मंडळात म्हणत, मुलाशी फोनवर बोलतानाही म्हणत. काकू पुण्याहून दर वर्षी नवा कापूस आणायच्या, वाती आणखी घट्ट वळायच्या, आणि ज्योत आपली नाचतच राहायची.

आम्ही स्वतःचं घर घेतलं त्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, काका एकटेच आमच्याकडे आले. मनगट ओलं न करता सरळ खुर्चीत बसले, तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिनसलंय.

"सुमन जानेवारीत बहिणीकडे जातेय पुण्याला," ते म्हणाले. "म्हणाली, यायचं तिकीट काढू नका."

"चिडून म्हणाल्या असतील काका."

"चिडली असती तर बरं होतं रे. भाजी निवडता निवडता म्हणाली. म्हणाली, जिथं मला थंडी वाजते आणि तुम्ही म्हणता वाजत नाही, तिथं मी कशाला राहू?" काका बराच वेळ टेबलावरचा चमचा फिरवत बसले. "सगळं बघितलंय मी. आल्झो, म्हणजे त्या खोलीत फट नाहीये. आणि ती म्हणतेय की वारा येतो. आता मी काय करू?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. दुसऱ्याच्या गाडीची शिटी पार्किंगमधून ओळखणारा माणूस, आणि बायकोच्या मानेवरचा वारा त्याला सापडत नव्हता. पण त्यांना द्यावा असा सल्ला माझ्याकडे नव्हता, कारण मी स्वतः त्याच महिन्यात एक फार मोठा पराक्रम करून बसलो होतो.

पुण्यात सिंहगड रोडला आमच्या भावाचा फ्लॅट आहे. त्याच्या हॉलच्या छतात गोल गोल दिवे बसवलेत, छतात रुतलेले, खालून नुसती प्रकाशाची टिकली दिसते. असा हॉल असला की घर झालं, अशी माझी आणि मृदुलाची पक्की समजूत होती. इथल्या जर्मन घराच्या वरच्या मजल्यावर मोठी बैठकीची खोली आणि छतातून लोंबणारा एकच बल्ब. आम्ही माणूस लावून त्या छतात अठरा भोकं पाडली आणि अठरा दिवे बसवले. त्या माणसानं भोकं पाडण्याआधी विचारलंही होतं, वर काय आहे? मी म्हटलं, काही नाही, रिकामा माळा. सगळं लख्ख उजळलं तेव्हा मृदुला म्हणाली, आता कसं पुण्यासारखं वाटतंय.

वास्तुशांतीला मृदुलाचे वडील सांगलीहून आले होते. अत्यंत श्रद्धाळू माणूस. पूजा आटोपली, गुरुजी म्हणून आलेला डार्मश्टाटचा पीएचडीचा विद्यार्थी ट्रेन पकडायला पळाला, आणि सबनीस काका उठले. त्यांनी आधी विचारलं, घरात फायरप्लेस नाही ना? नाही म्हटल्यावर स्वयंपाकघरात जाऊन चुलीवरचा धूर बाहेर फेकणारा पंखा पूर्ण जोरात लावला. त्या पंख्यानं घरातली हवा बाहेर ओढली की बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते, ही त्यांची युक्ती; फायरप्लेस असती तर तिचा विषारी धूरही आत ओढला गेला असता. मग उदबत्ती पेटवून ते खिडक्या-दारांच्या कडेनं फिरायला लागले. सासऱ्यांना वाटलं, विधीचा राहिलेला भाग आहे. ते हात जोडून काकांच्या मागे निघाले. त्यांच्या मागे आमच्या सासूबाई, त्यांच्या मागे मंडळातली चार माणसं. काका बाथरूमच्या खिडकीशी गेले, तिथेही सगळे हात जोडून उभे. काकांना मागे कोण आहे याचा पत्ता नव्हता.

वरच्या खोलीत शिडी मांडून काका पहिल्या दिव्यापाशी चढले. उदबत्तीचा धूर वर जायचा तो एकदम खाली वळून त्यांच्या तोंडावर आला. काका ठसकले. दुसरा दिवा, तसंच. तिसरा, तसंच. काकांनी वरच्या खिशातून कागद काढला आणि प्रत्येक दिव्याच्या कडेला लाल टिकली चिकटवायला सुरुवात केली. "कुंकूसुद्धा लावतात हो," सासरे भक्तिभावानं म्हणाले. एवढ्यात धूर छतावरच्या स्मोक अलार्मपर्यंत पोचला आणि तो कर्कश ओरडायला लागला. सासऱ्यांनी ही घंटा समजून आरती उचलली. मंडळातल्या माणसांनी टाळ्या धरल्या. अलार्मच्या त्या आवाजात 'सुखकर्ता दुःखहर्ता' पूर्ण एक कडवं झालं, तेव्हा कुठे मी खुर्चीवर चढून अलार्म काढला.

काका शिडीवरून खाली उतरले. अठरा लाल टिकल्या लागल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. खरं तर कौतुकाची अपेक्षा होती.

"त्या छताच्या आत प्लास्टिकचा पडदा असतो. घरातली ऊबदार, ओलसर हवा वर जाऊ नये म्हणून. त्याच्यावर काचेच्या लोकरीची गादी. आणि तू त्या पडद्याला अठरा भोकं पाडलीस." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, कुणाच्या घरी दुःखद प्रसंगाला गेल्यावर बोलतात तसा होता. "हिवाळ्यात पैसे मोजून घर तापवशील ती हायट्सुंगची सगळी ऊब या भोकांतून वर जाणार. वर गारठ्यात तिचं पाणी होणार. लोकर भिजणार, लाकूड भिजणार, बुरशी येणार. आणि वारा सुटला की तोच गारठा खाली सोफ्यावर."

सासरे मला बाजूला घेऊन हळूच विचारायला लागले, काही दोष निघाला का? मी म्हटलं, अठरा निघाले.

पुढचे चार शनिवार काका माझ्या माळ्यावर होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस डोक्याला टॉर्च बांधून, तोंडाला मास्क लावून, तुळयांवर फळी टाकून रांगत होता. मी त्यांच्या मागे पेट्या घेऊन. प्रत्येक दिव्याच्या वर एक न जळणारी बंद पेटी बसवायची, तिच्या कडा निळ्या पट्टीनं त्या प्लास्टिकच्या पडद्याला चिकटवायच्या, वायर आत जाते तिथे रबराची टोपी, आणि मग लोकर परत वर पसरायची. रबराची टोपी बसवायचं काम ते मला करू देत नसत. ते त्यांचं राखीव.

काम करता करता शिकवणंही चालू असे. "हे बघ," एकदा त्यांनी लोकर उचलून दाखवली. दोनच महिन्यांत भोकाच्या वरची पिवळी लोकर राखाडी झाली होती. "हवा जाता जाता धूळ गाळून जाते. लोकर काळी दिसली की समज, तिथे रस्ता आहे."

एकेक पेटी बसली की काका खाली येऊन एकेक टिकली काढत. चौथ्या शनिवारी दुपारी अठरावी टिकली निघाली. परत पंखा, परत उदबत्ती. धूर खाली वळला नाही, सावकाश वर गेला आणि छताला लागून पसरला. काकांचा चेहरा असा खुलला की मृदुलानं लगेच चहा टाकला.

"उदबत्तीचं सोड," काका म्हणाले, "निरांजन आण. ज्योत हलली तर नाव बदलीन."

मृदुलानं निरांजन लावून दिलं. काका ते दिव्याखाली धरून शिडीवर उभे राहिले. ज्योत अगदी स्थिर. काका तिच्याकडे बघत राहिले. मृदुलाही बघत होती, आणि ती सहज म्हणाली, "काका, काकूंच्या देवघराच्या वर पण छतात असलाच दिवा आहे ना?"

काकांच्या हातातलं निरांजन कललं आणि तूप त्यांच्या मोज्यावर सांडलं.

"तो मी बसवलाय," शेवटी ते म्हणाले. "तिच्या साठीला. मी स्वतः." मग शिडीवरून उतरले आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

आमच्या घरातल्या सपाता घालूनच ते निघाले. गाडीत बसल्यावर पहिल्यांदाच असं झालं, की त्यांनी माझ्या दाराच्या आवाजावर शेरा मारला नाही.

काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. "अहो, या कुणाच्या चपला?" त्यांनी विचारलं, पण काका जिन्यावरून वर गेले होते. माळ्याचं झाकण उघडून ते आत शिरले आणि मी शिडीवर अर्धा वर, अर्धा खाली, टॉर्च धरून उभा. देवघराच्या बरोबर वर लोकरीत एक चौकोन होता. सुरीनं कापलेला, कडा एकदम सरळ, काकांच्या हातची कारागिरी. आणि त्या चौकोनाच्या चारही कडांची लोकर काजळीसारखी काळी झाली होती.

काका तिथेच बसले.

"तेव्हा हॅलोजन होता," ते म्हणाले. "तापायचा. लोकर टेकली तर आग लागेल म्हणून मीच चौकोन कापला. नंतर तो बदलून एलईडी लावला. आणि चौकोन राहिला." मग म्हणाले, "सगळं घर तपासलं. हा दिवा तपासला नाही. माझं काम, म्हणून."

गाडीत माझ्या घरची एक पेटी उरलेली होती. ती आणली. ती बसवायला काकांना इतर अठरांपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण त्यांनी पट्टी तीनदा काढून परत लावली. मग खाली देवघराच्या खोलीत आले. माझी समजूत होती की आता ते काकूंना हाक मारतील आणि सांगतील. त्याऐवजी त्यांनी वरच्या खिशातून कागद काढला, एक लाल टिकली सोडवली, खुर्चीवर चढून ती देवघरावरच्या दिव्याच्या कडेला चिकटवली, आणि खाली येऊन भिंतीला टेकून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

काकू मेथीचे हात पुसत वर आल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आमच्या वास्तुशांतीला त्या होत्या. लाल टिकलीचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता.

त्यांनी निरांजन लावलं. ज्योत उभी राहिली ती राहिलीच. बाहेर त्या दिवशी चांगला वारा होता. काकूंनी माकडटोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि मानेवर हात ठेवून बसल्या. मला वाटलं, आता त्या रडतील.

"अकरा वर्षं," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं माझ्या वातींना नावं ठेवलीत तुम्ही."

"या," काका म्हणाले. जर्मनमधला 'हो'. मराठीतला हो त्यांच्या तोंडून निघेना.

"सगळ्या मंडळात सांगितलंत. मुलाला सांगितलंत. व्याह्यांना सांगितलंत."

"या."

"आणि वाती चांगल्या होत्या."

"चांगल्या होत्या," काका मराठीत म्हणाले.

मी टिकली काढायला खुर्ची ओढली. दुरुस्त झालं की टिकली काढायची, हा काकांचाच नियम. "राहू दे ती," काकू म्हणाल्या, आणि काकांनीही मान हलवली.

जानेवारीत काकू पुण्याला गेल्याच. जायचं ठरलं होतं आणि बहिणीला शब्द दिला होता. यायच्या तिकिटाबद्दल काकांनी त्यांना विचारलं नाही, आम्हालाही विचारू दिलं नाही. ते रोज सकाळी देवघरात निरांजन लावून त्याचा फोटो काकूंना पाठवत. खाली एक शब्दही लिहीत नसत. नुसती ज्योत, उभी. तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला की परवा विमानतळावर या. बहिणीच्या बेडरूमची खिडकी नीट लागत नाही, रात्रभर गार वारा येतो, आणि हायट्सुंग नसलेल्या घरात जानेवारीत कसं राहायचं, असं त्या म्हणाल्या. काकांनी हे वाक्य मला फोन करून शब्दशः ऐकवलं.

नंतर माझी बदली हॅम्बर्गला झाली. इथे पाऊस पडतच असतो आणि आमच्या भाड्याच्या घराच्या खिडकीतून चांगला वारा येतो. परवा मी नकळत मनगट जिभेनं ओलं करून चौकटीवर फिरवलं. झिंडेलफिंगेनला असताना झालेली आमची मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, पप्पा सबनीस आजोबांसारखं करतायत. बिजागरीच्या बाजूला, खालून चार बोटं होती फट.

झिंडेलफिंगेन सोडताना आम्ही निरोप घ्यायला गेलो तो शेवटचा दिवस डोळ्यांसमोर आहे. रविवारची सकाळ. वरच्या खोलीचं दार उघडं होतं. दिव्याच्या कडेला लाल टिकली तशीच होती, थोडी फिकट झालेली. खाली काका मांडी घालून बसले होते, समोर कापूस, आणि ते तळहातावर वात वळत होते. जीभ दातांत धरून, रबराची टोपी बसवताना धरत तशी. शेजारी काकू, उघड्या डोक्यानं, केस नुकतेच धुतलेले. माकडटोपी कुठे दिसली नाही. काकांनी वळलेली वात पुढे केली. काकूंनी ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे नेली, पीळ बघितला आणि परत त्यांच्या हातावर ठेवली.

"सैल आहे," त्या म्हणाल्या. "परत वळा."

"गेनाऊ," सबनीस काका म्हणाले, आणि परत वळायला लागले.